आफ्रिकन डायस्पोराची कला बघताना आधी मटेरियल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की डिझर्टेशनसाठी आफ्रिकन आणि आफ्रिकन डायस्पोरा (म्हणजे आफ्रिकेबाहेर जगभर पांगलेले आफ्रिकन वंशाचे लोक) आर्टिस्ट घेतलेत, पण नेटवर शोधलं की सगळीकडे तेच रंगीबेरंगी कापड आणि तीच काळ्या माणसांची पोर्ट्रेट्स दिसतात, मग या कामात आयडेंटिटी नक्की असते कुठे, सुरुवात कोणापासून करायची, आणि आपल्याशी याचा काही संबंध पोचतो का. मी पेंटर आहे, बरीच वर्षं शिकवतोय, यातलं काही काम प्रत्यक्ष बघितलंय आणि काही टेक्निक वर्गात पोरांबरोबर करूनही बघितल्यात, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, "आफ्रिकन आणि डायस्पोरा" असं एका दमात म्हणतो खरं आपण, पण त्यात निदान तीन वेगळे इतिहास आहेत आणि ते डोक्यात वेगळे ठेवले नाहीत तर पुढचं सगळं गोंधळाचं होतं. एक, ज्यांच्या पूर्वजांना गुलाम करून अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर नेलं ते, त्यांना आपलं मूळ गाव कुठलं हे सांगताच येत नाही कारण ती माहिती त्यांच्यापासून हिरावून घेतली गेली. दोन, जे गेल्या साठ-सत्तर वर्षांत शिकायला, नोकरीला, कुटुंबाबरोबर लंडनला किंवा अमेरिकेत गेले, त्यांना गाव माहीत आहे, तिथे काका-मामा आहेत, सुट्टीत जाणं-येणं आहे. तीन, जे आफ्रिकेतच राहून काम करतात आणि ज्यांना "डायस्पोरा" म्हणणंच चुकीचं आहे. केरी जेम्स मार्शल पहिल्यातला, न्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बी दुसऱ्यातली, इब्राहिम महामा तिसऱ्यातला, तिघांच्या कामाबद्दल पुढे सांगतोच, आणि या तिघांना एकाच माळेचे मणी समजून प्रकरण लिहिलंत तर गाईड पहिला प्रश्न त्यावरच विचारेल. हिंदी महासागरातून इकडे आलेले आफ्रिकन हा चौथा इतिहास, त्याच्याकडे शेवटी येतो.

दुसरी गोष्ट, आणि माझं मुख्य सांगणं हेच आहे, की काम समोर आलं की ते कशाबद्दल आहे हे नंतर बघा, आधी ते कशाचं बनवलंय ते बघा. कापड कुठल्या गिरणीतलं, पत्रा कुठल्या बाटलीचा, काळा रंग कुठल्या ट्यूबमधला. या आर्टिस्टांनी आयडेंटिटीचं सगळ्यात अवघड काम मटेरियलवर सोपवलंय आणि विषय त्यावर उभा राहतो. तुम्ही फोनवर थंबनेल बघून विषयापाशी थांबताय म्हणून सगळं सारखं दिसतंय.

आता ते रंगीत कापडच घेऊ. यिंका शोनिबारे, जन्म लंडनचा, 1962 चा, तीन वर्षांचा असताना घरचे लागोसला परतले, मग शिकायला पुन्हा इंग्लंड, आणि कॉलेजात पाऊल टाकतो न टाकतो तोच मज्जारज्जूचा आजार झाला, शरीराची एक बाजू त्यातून पूर्ण सावरली नाही. कॉलेजात असताना तो सोव्हिएत रशियातल्या घडामोडींवर काम करत होता, तर त्याला एका शिक्षकाने विचारलं की तू अस्सल आफ्रिकन कला का करत नाहीस. हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला. मग तो लंडनच्या ब्रिक्सटन मार्केटमध्ये गेला, जिथे आफ्रिकन कापडाची दुकानं आहेत, आणि तिथे त्याला कळलं की ज्याला सगळं जग आफ्रिकन कापड म्हणतं ते मुळात हॉलंडमध्ये बनतं.

या कापडाची गोष्ट नीट समजून घ्या कारण अर्धं प्रकरण तिथेच आहे. इंडोनेशियात हाताने मेण लावून बाटिक करायचे. इंडोनेशिया डचांची वसाहत, त्यांनी ठरवलं की हेच आपण मशीनवर स्वस्तात करू आणि तिथेच विकू. हेलमंड गावातली व्हलिस्को ही कंपनी 1846 पासूनची, आजही चालू आहे. कोरलेल्या तांब्याच्या रोलरने कापडाच्या दोन्ही बाजूंना रेझिन, म्हणजे राळ, छापतात, मग निळ्या इंडिगोत बुडवतात, रेझिनला जागोजागी तडे जातात आणि त्या तड्यांतून रंग आत शिरतो, त्यामुळे डिझाईनमधून बारीक शिरांसारख्या रेघा पळताना दिसतात. नंतर बाकीचे रंग वरून छापतात. जाव्यात हा माल काही विशेष चालला नाही, पण पश्चिम आफ्रिकेत त्याला असं काही गिऱ्हाईक मिळालं की कंपनीने सगळं लक्ष तिकडेच वळवलं. तिथल्या बाजारातल्या बायकांनी डिझाईन्सना स्वतःची नावं दिली, कुठलं डिझाईन लग्नात, कुठलं नवऱ्याला टोमणा मारायला, हे त्यांनी ठरवलं. टोगोमधल्या लोमे शहरात तर या कापडाच्या व्यापारात बायका इतक्या श्रीमंत झाल्या की मर्सिडीज गाड्या घेऊन फिरायच्या आणि त्यांना "नाना बेंझ" म्हणायचे. म्हणजे नक्कल इंडोनेशियाची, कारखाना हॉलंडचा, आणि अर्थ घातला आफ्रिकन बायकांनी. आता यातला बराच माल चीनमध्ये बनतो ते वेगळंच.

शोनिबारेने हे कापड घेतलं आणि त्याचे शिवले युरोपच्या उमरावांचे कपडे, अगदी काटेकोर जुन्या कटचे कोट आणि घेरदार झगे, आणि ते घातले मुंडकी नसलेल्या पुतळ्यांना. "स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका", 2003 चं काम, त्यात असे 14 बिनडोक्याचे पुरुष टेबलाभोवती बसलेत आणि टेबलावर आफ्रिकेचा नकाशा आहे. संदर्भ 1884-85 च्या बर्लिन परिषदेचा, जिथे युरोपच्या देशांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले आणि टेबलाशी आफ्रिकेतलं कोणी नव्हतं. हात बघा त्या पुतळ्यांचे, कोणी बोट दाखवतोय, कोणी टेबलाकडे झुकलाय, चेहरा नाही त्यामुळे सगळी हाव हातांत उतरलीय. फोटोत हे कळत नाही, पण आजूबाजूने फिरलं की कपड्यांच्या आनंदी रंगांचा आणि त्या हातांचा मेळ बसत नाही आणि पोटात कसंतरी होतं. त्याचं "नेल्सन्स शिप इन अ बॉटल" हे 2010 मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात, कायमचा पुतळा नसलेल्या चौथ्या चौथऱ्यावर ठेवलं होतं, आता ग्रीनिचच्या मॅरिटाईम म्युझियमबाहेर आहे, तिथे मी ते बघितलंय. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या जहाजाची प्रतिकृती, तीसपट लहान, अवाढव्य बाटलीत, आणि 37 शिडं सगळी याच पद्धतीच्या नक्षीची. लहान मुलं काचेला नाक लावून उभी राहतात. आजच्या लंडनमध्ये जगभरची माणसं कशी आली याचं उत्तर त्या शिडांत आहे, आणि ते शोनिबारे रागावून सांगत नाही, साजरं करत सांगतो, हे मला त्याचं फार मोठेपण वाटतं.

इथे आपला संबंध कापडातूनच सुरू होतो. 18व्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेताना युरोपियन व्यापारी बदल्यात जो माल द्यायचे त्यात भारतातलं सुती कापड भरपूर असायचं, गुजरातचं, कोरोमंडल किनाऱ्याचं. विणकरांना त्याची काही कल्पना असायचं कारण नाही. पण "आफ्रिकेच्या इतिहासाशी आपलं काय घेणंदेणं" असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

एल अनात्सुई या शिल्पकारावर थोडं लिहितो, कारण त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त चुकीचं लिहिलं जातं. जन्म 1944, घानाचा, पण 1975 पासून नायजेरियातल्या न्सुक्का गावी युनिव्हर्सिटीत शिकवत राहिला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याला दारूच्या बाटल्यांच्या झाकणांची टाकून दिलेली पिशवी सापडली. त्या झाकणांचे पत्रे तो आणि त्याच्या स्टुडिओतले लोक चेपतात, दुमडतात, पिळतात, भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधतात, हजारो तुकडे, आणि त्यातून भिंतभर पडदा तयार होतो, जो घडी करून पेटीत भरता येतो. लोक त्याला रिसायकलिंग म्हणतात, पर्यावरणाच्या खात्यात टाकतात. ते वरवरचं आहे. दारू ही युरोपियनांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणलेली व्यापारी वस्तू, रम बनायची कॅरिबियन ऊसमळ्यांच्या जिवावर आणि त्या मळ्यांत राबायचे आफ्रिकेतून नेलेले गुलाम, म्हणजे तीन खंडांचा हिशेब त्या झाकणात आहे. शिवाय त्याच्या घरात वडील-भाऊ केन्टे (अरुंद पट्ट्या विणून जोडलेलं घानाकडचं कापड) विणायचे, तो एवे समाजातला, आणि त्या पट्ट्यापट्ट्यांच्या विणीची आठवण पत्र्यात आलीय. अजून एक, तो काम पाठवताना ते कसं टांगायचं याची सक्ती करत नाही, चुण्या कुठे पाडायच्या हे तिथले लोक ठरवतात, त्यामुळे तेच काम दोन शहरांत दोन तऱ्हेचं दिसतं. माझ्या दृष्टीने आयडेंटिटीवरचं यापेक्षा खोल विधान शब्दांत करता येणार नाही. 2015 मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्याला जीवनगौरवाचा गोल्डन लायन मिळाला, 2023 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न म्युझियमचा अवाढव्य टर्बाईन हॉल त्याच्या कामाला दिला होता.

इब्राहिम महामा, 1987 चा, घानाच्या उत्तरेला टामाले गावचा. हा गोणपाट वापरतो. घानात कोको भरायला जी पोती लागतात ती भारत-बांगलादेशाकडून येतात, त्यात आधी कोको जातो, मग ती फाटकी पोती कोळसा भरायला वापरतात, त्यांच्यावर मालकांची नावं, शिक्के, ठिगळं. महामा नवीन पोती देऊन जुनी घेतो आणि ती शिवून अख्ख्या इमारती झाकतो, 2017 च्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात जर्मनीतल्या कासेल शहरातल्या जुन्या दरवाजाच्या इमारती त्याने अशाच झाकल्या. कोको पिकवणाऱ्याला त्याच्या चॉकलेटचा भाव माहीत नसतो, हे सांगायला त्याने एकही माणूस रंगवला नाही. आणि आलेल्या पैशातून त्याने टामालेत स्टुडिओ आणि आर्ट सेंटर उभी केली, जिथे गावातली पोरं येऊन बसतात. आपल्याकडच्या यशस्वी आर्टिस्टांनी आपापल्या तालुक्यात असं काही करावं असं मनापासून वाटतं.

आता न्जिडेका. तुम्ही प्रिंटमेकिंगवाले आहात म्हणून हिला जास्त वेळ द्या असं मी म्हणेन. 1983 ला नायजेरियातल्या एनुगूमध्ये जन्म, 1999 मध्ये अमेरिकेत गेली, आता लॉस एंजेलिसला असते. हिची आई डोरा अकुन्यिली, नायजेरियातल्या औषध नियामक संस्थेची प्रमुख होती आणि बनावट औषधांच्या धंद्याशी तिने जिवावर उदार होऊन झुंज दिली, तिथे घराघरात माहीत असलेलं नाव. न्जिडेकाची चित्रं लांबून बघितली की साधी खोली दिसते, टेबल, सोफा, टेबलावर चहाचं सामान, बसलेली एक बाई. जवळ गेलात की भिंत, फरशी, बाईचा हातसुद्धा, सगळं शेकडो लहान लहान फोटोंनी भरलेलं दिसतं, नायजेरियन मासिकं, पॉप गायक, घरचे लग्नाचे फोटो, नेत्यांचे चेहरे. हे चिकटवलेलं नाही, ट्रान्सफर केलेलं आहे. छापलेला फोटो कागदावर पालथा ठेवायचा, मागून ॲसिटोनसारख्या सॉल्व्हंटने भिजवून घासायचं, शाई सुटते आणि खालच्या कागदावर उतरते, पण उलटी आणि फिकी, कुठे नीट येते कुठे येत नाही.

हे वर्गात करून बघा, एका दुपारचं काम आहे. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्या, इंकजेट चालत नाही, थिनर अगदी थोडा, बोळ्याने टिपून टिपून, जास्त झाला की सगळं पसरतं, आणि चमच्याच्या पाठीने सगळीकडे सारखा दाब. खिडक्या उघड्या ठेवा, हातात ग्लोव्हज घाला, वास डोक्यात जातो. स्वतःच्या आजीचा फोटो असा उतरवून बघा, म्हणजे लांब राहणाऱ्या माणसाकडे घरची आठवण कशी येते, अर्धवट आणि उलटी, हे हातालाच कळेल, मग त्यावर तुम्हाला कुठल्या थिअरीचा आधार घ्यावा लागणार नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तिच्या आजोळच्या वाड्याचे फोटो असे उतरवले होते आणि ती म्हणाली की आता मला या चित्रातला चहाचा कप समजला. न्जिडेकाच्या टेबलावरचा चहा इंग्रजांबरोबर नायजेरियात आला आणि आता तो आजीच्या घरचा झालाय, आपल्याकडेही चहाचं तेच झालं.

पोर्ट्रेट्सकडे वळू. केरी जेम्स मार्शल, 1955 चा, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा, लहानपणीच घरचे लॉस एंजेलिसला गेले. याच्या चित्रातली माणसं खरोखर काळी असतात, तपकिरी वगैरे नाही, ठाम काळी. तुम्ही पेंटिंग केलं असेल तर माहीत असेल, आपल्याला शिकवतात की ट्यूबमधला काळा शक्यतो वापरू नका, चित्र मरतं. याने नेमका तोच घेतला. आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक आणि मार्स ब्लॅक, हे तिन्ही शेजारी शेजारी लावून बघा, एक जरा गरम दिसतो, एक थंड, आणि तो त्यात निळा, हिरवा, जांभळा मिसळून अजून छटा काढतो, उजळ करायला पांढरा मात्र घालत नाही. त्यामुळे फोटोत तो चेहरा सपाट काळा येतो पण समोर उभं राहिलं की गाल, नाकाचा उंचवटा, मानेखालची सावली, सगळं काळ्यातच दिसायला लागतं, डोळ्याला सवय व्हायला मिनिटभर लागतो. तो मिनिटभर थांबणं हेच तो आपल्याकडून मागतोय.

त्याचं 2012 चं "स्कूल ऑफ ब्युटी, स्कूल ऑफ कल्चर" हे चित्र मोठ्या स्क्रीनवर उघडा. काळ्या बायकांचं ब्युटी पार्लर आहे, गजबजलेलं, बायका नटतायत, गप्पा मारतायत, आणि पुढे जमिनीवर एक विचित्र ताणलेला पिवळसर आकार तरंगतोय. बाजूने तिरकं बघितलं की ते डिस्नेच्या स्लीपिंग ब्युटीचं डोकं आहे हे कळतं. जर्मन चित्रकार होल्बाईनच्या 1533 च्या चित्रात अशीच ताणलेली कवटी आहे, मार्शलने ती युक्ती घेतली आणि मृत्यूच्या जागी गोऱ्या राजकन्येचं सौंदर्य ठेवलं. मोठ्या बायकांचं तिकडे लक्षच नाही, फक्त एक लहान पोर वाकून त्याच्याकडे बघतंय. सौंदर्याची ती कल्पना मुलांच्या डोक्यात कशी शिरते हे एवढ्यात सांगून झालं. गोऱ्या रंगाच्या क्रीमच्या जाहिराती बघत मोठ्या झालेल्या आपल्या वाचकाला यावर टीप द्यायची गरज नाही.

बाजाराबद्दल दोन शब्द, कारण तुम्हाला सगळीकडे पोर्ट्रेट्स दिसतात त्याचं एक कारण तेही आहे. 2018 मध्ये मार्शलचं "पास्ट टाइम्स" लिलावात 2.11 कोटी डॉलरला गेलं, त्याच वर्षी केहिंडे वायलीने केलेलं ओबामांचं आणि एमी शेराल्डने केलेलं मिशेल ओबामांचं पोर्ट्रेट लोकांसमोर आलं, आणि काळ्या माणसाचं चित्र म्हटलं की गॅलऱ्या हात धुवून मागे लागल्या. घानाचा अमोआको बोआफो, जो चेहरे बोटांनी रंगवतो, त्याचं एक चित्र 2020 मध्ये लंडनच्या लिलावात 30 ते 50 हजार पौंडांच्या अंदाजावरून 6 लाख 75 हजार पौंडांवर गेलं. त्यानंतर तशाच चित्रांचा नुसता पूर आला आणि पुढे बाजार थंडावलाही. यात तरुण आर्टिस्टांचं नुकसान झालं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मोकळा रंगीत बॅकग्राऊंड आणि आपल्याकडे बघणारा चेहरा एवढंच मागितलं जायला लागलं. म्हणून लिनेट यियाडोम-बोआके मला महत्त्वाची वाटते, आईवडील घानाचे, जन्म लंडनचा, ती माणसं रंगवते पण ती कोणी खरी नसतात, सगळी मनातली, बऱ्याचदा एका दिवसात संपवलेली, आणि चित्रांच्या नावांवरूनही काही थांगपत्ता लागत नाही. काळ्या माणसाने प्रत्येक चित्रात आपली कैफियत मांडलीच पाहिजे असं कोणी सांगितलं, हा तिचा दावा आहे, निदान मी तो तसा वाचतो.

आता तो चौथा इतिहास. ओमार व्हिक्टर दिओप, सेनेगलमधल्या डाकारचा फोटोग्राफर, 1980 चा. त्याची 2014 ची "प्रोजेक्ट डायस्पोरा" ही सीरीज बघा. युरोपात, अमेरिकेत, आशियात मोठे झालेल्या आफ्रिकन वंशाच्या माणसांची जुनी चित्रं त्याने शोधली आणि स्वतः तो वेष करून, तीच पोझ घेऊन फोटो काढले, आणि जोडीला फुटबॉलशी संबंधित काहीतरी, बॉल, बूट, ग्लोव्हज. कारण आज युरोपात आफ्रिकन खेळाडूला डोक्यावर घेतात आणि त्याच स्टेडियममध्ये त्याच्या रंगावरून शिव्याही देतात. या सीरीजमध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला लोकप्रतिनिधी ज्यां-बाप्तिस्त बेली आहे, अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध लढलेला फ्रेडरिक डग्लस आहे, आणि आपला मलिक अंबरही आहे. होय, तोच, इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा वजीर झालेला, ज्याने खडकी (पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, नहर बांधली, जहांगिराला शेवटपर्यंत दाद दिली नाही आणि मालोजी-शहाजी राजे ज्याच्या काळात निजामशाहीच्या बाजूने लढले. खुलताबादला त्याची कबर आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात तो गनिमी काव्यापुरता येतो, आफ्रिकन म्हणून त्याच्याकडे आपण बघतच नाही, आणि डाकारमधला एक तरुण त्याला आपला पूर्वज मानून त्याचा वेष करून कॅमेऱ्यासमोर उभा राहतो. हे प्रकरण मराठीत बसून लिहिणाऱ्यानेच लिहायला हवं, तुमच्याकडे बखरी आहेत, छत्रपती संभाजीनगरच्या नहरी आहेत, जंजिरा आहे, लंडनच्या अभ्यासकाला हे इतक्या सहज मिळणार नाही.

आणि दिओपपाशी थांबू नका. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळ-मुंडगोडच्या पट्ट्यात आफ्रिकन वंशाचे सिद्दी लोक राहतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते आणि तिथून घाटातल्या जंगलात पळाले. कोकणी बोलतात. त्यांच्या बायका जुन्या साड्या-कपड्यांच्या तुकड्यांच्या कवंद्या शिवतात, म्हणजे गोधड्याच, पण पद्धत वेगळी, कडेपासून सुरू करून आत आत शिवत मध्याकडे जातात, आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. या कवंद्या आता अमेरिकेतल्या म्युझियममध्येही लागल्यात. काही लिहिणाऱ्यांना त्यात थेट आफ्रिकेची लय दिसते, त्यावर एकदम विश्वास टाकू नका, शेजारच्या गावात लिंगायत, मराठा, मुस्लिम बायकाही गोधड्या शिवतात, त्याही आधी बघा आणि मगच काय वेगळं आहे ते लिहा. जायचं असेल तर पावसाळा सोडून जा, पावसात त्या रस्त्यांवर नाकी नऊ येतात. आणि फोटो छापणार असाल तर शिवणाऱ्या बाईला आधी विचारा, ती हो म्हणाली तर तिचं नाव फोटोखाली तेवढ्याच ठळक अक्षरात टाका जेवढ्या अक्षरात तुम्ही शोनिबारेचं टाकणार आहात.

सुरुवात कुठून करू म्हणालात, तर पाच-सहा आर्टिस्ट घेऊन प्रत्येकाला चार पानं देऊ नका. एक काम घ्या, शोनिबारेचं टेबल किंवा न्जिडेकाची एखादी खोली, आणि त्यातली प्रत्येक वस्तू कुठून कुठे गेली ते शोधत बसा, पन्नास पानं सहज होतात. दुसऱ्या भागात दिओपचा मलिक अंबर किंवा कवंदी. मोठ्या म्युझियमच्या वेबसाईटवर हाय रिझोल्यूशन फोटो फुकट बघायला मिळतात, झूम करून टाके आणि तारा मोजा. सिनॉप्सिस लिहून झाला की इथेच टाका, मी वाचून सांगतो.